चुंबकाचा हट्ट

शाळेच्या प्रयोगशाळेतला नालाकृती चुंबक घोड्याच्या नालासारखाच का असतो? दोन्ही ध्रुव शेजारी आले की ओढ वाढते, असं उत्तर पुस्तकात असतं. ते खरं आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं जरा लाजिरवाणं आहे. ज्या पोलादाचे हे चुंबक बनत, ते चुंबकत्व टिकवण्यात इतकं कच्चं होतं की त्याची पट्टी लांब ठेवण्यावाचून इलाज नव्हता. आणि लांब पट्टी अडचणीची, म्हणून ती वाकवली. पेटीत ठेवताना दोन्ही टोकांवर आडवी लोखंडी पट्टी बसवायची, चुंबक आपटायचा नाही, तापवायचा नाही, ही सगळी पथ्यं एका नाजूक प्रकृतीची. स्पीकरच्या पाठीवरची जाड काळी कडी, गिटारच्या तारांखालचे छोटे दांडके, इअरफोनमधली चकचकीत टिकली यांचे आकार वेगळे आहेत, कारण त्यांची कुळं वेगळी आहेत. आकार नीट पाहिला तर चुंबकाचं कूळ बहुतेक वेळा न विचारता कळतं.

चुंबकांची तुलना म्हटली की पहिला प्रश्न ताकदीचा येतो. कोण किती किलो उचलतो? बाजारात ते विकलेही तसेच जातात. पण या वस्तूच्या इतिहासात ओढ हा फारसा अवघड प्रश्न कधी नव्हता. चांगल्या पोलादाला नीट चुंबकवलं तर त्यात मागे राहणारं चुंबकत्व १ टेस्लाच्या आसपास भरतं. आज घराघरांत असलेल्या काळ्या फेराइटमध्ये ते जेमतेम ०.४ टेस्ला असतं. या हिशेबात दोन-अडीचशे वर्षांपूर्वीचं पोलाद फेराइटपेक्षा दुपटीहून सरस आहे. तरीही फेराइटनं पोलादाला बाजारातून उठवलं, ते दुसऱ्या गुणाच्या जोरावर. उलट्या दिशेचं चुंबकी क्षेत्र अंगावर आलं तरी आपली दिशा न सोडण्याचा तो गुण. शास्त्राच्या पुस्तकात त्याला कोअर्सिव्हिटी म्हणतात आणि तो ओर्स्टेडमध्ये मोजतात; इथे त्याला हट्ट म्हणू. साधं कार्बनी पोलाद ५० ओर्स्टेडच्या आसपास मान टाकतं. फेराइट दोन-तीन हजारांपर्यंत दाद देत नाही.

हे उलटं क्षेत्र येतं तरी कुठून? बाहेरचा शत्रू लागतच नाही, ते चुंबकाकडूनच येतं. उत्तर ध्रुवाकडून दक्षिण ध्रुवाकडे जाणारं त्याचं क्षेत्र बाहेरून जातं तसं त्याच्या पोटातूनही जातं, आणि पोटातली त्याची दिशा चुंबकत्वाच्या नेमकी उलट असते. अंग जितकं आखूड आणि रुंद, तितका हा घरचा विरोध मोठा. ज्याच्यात हट्ट कमी, त्यानं ध्रुव एकमेकांपासून लांब ठेवायचे, म्हणजे सडपातळ आणि उंच व्हायचं. ज्याच्यात हट्ट आहे, त्याला चपटं होऊन बसायला हरकत नाही. पुढची सगळी कुळकथा या एका वाक्यावर चालते.

मूळपुरुष अर्थात दगड. मॅग्नेटाइट हे लोखंडाचं खनिज जगात मुबलक आहे, पण त्याचा प्रत्येक खडा लोखंड ओढत नाही. ज्यांच्या रचनेत थोडा हट्ट आहे आणि ज्यांना एकदा कधीतरी जबरदस्त क्षेत्र भेटलं आहे, असेच थोडे खडे चुंबक होतात. ते जबरदस्त क्षेत्र बहुधा आकाशातून पडणाऱ्या विजेचं असतं, असं अभ्यासक मानतात. हे खडे जमिनीच्या पृष्ठभागाजवळच सापडतात, त्याच्याशी हे जुळतंही. चुंबकात जीव असतो असं थेलीसचं मत होतं, हे अॅरिस्टॉटलनं नोंदवून ठेवलं आहे. चीनमध्ये शन ख्वोनं १०८८ च्या सुमारास दगडावर घासलेल्या सुईचा दिशा दाखवण्यासाठी होणारा उपयोग लिहून ठेवला. आपल्याकडे रसशास्त्रानं तर चुंबकांचं रीतसर वर्गीकरणच केलं होतं. ‘रसरत्नसमुच्चय’ या ग्रंथात कांतलोहाचे पाच प्रकार येतात: लोखंडाला फिरवणारा भ्रामक, चिकटून राहणारा चुंबक, ओढून घेणारा कर्षक, वितळवणारा द्रावक आणि फोडल्यावर केसांसारखे तंतू दिसणारा रोमक. शिवाय एकमुखी, द्विमुखी असे मुखांवरून भेद वेगळेच. प्रकारवार तुलना करण्याची हौस जुनी आहे, फक्त तिथे सगळी नजर ओढीवर आहे. टिकण्याचा प्रश्न त्या यादीत नाही.

१६०० साली लंडनमध्ये विल्यम गिल्बर्ट या वैद्याचा लॅटिन ग्रंथ निघाला आणि दगडाभोवतीच्या दंतकथांना पहिल्यांदा पद्धतशीर चाप बसला. लसणानं चुंबक मरतो ही समजूत पूर्वापार पक्की होती. गिल्बर्टनं चुंबकाला लसूण फासून पाहिला, काही झालं नाही. हिऱ्यानं लोखंड चुंबकवता येतं म्हणत, तर त्यानं साक्षीदारांसमोर ७५ हिरे वापरून तेही खोटं ठरवलं. (इतके हिरे वैद्याकडे आले कुठून, हे कळलं असतं तर बरं झालं असतं.) चुंबकी दगडाचा गोळा करून त्यावर सुई फिरवत त्यानं पृथ्वीच एक चुंबक असल्याचं मांडलं. आणि दगडाच्या ध्रुवांवर लोखंडाच्या टोप्या बसवल्या की तो कितीतरी जास्त वजन उचलतो, हेही त्यानं तपशिलानं लिहिलं.

दगडाच्या कुळातलीच एक शाखा आपल्या पायाखाली आहे. दख्खनच्या काळ्या दगडात मॅग्नेटाइटचे बारीक कण असतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होताना त्या कणांनी तेव्हाच्या पृथ्वीच्या क्षेत्राची दिशा पकडली आणि ती सोडलीच नाही. या दगडाची ओढ इतकी क्षीण आहे की टाचणीही उचलणार नाही. हट्ट मात्र असा की १९५० च्या दशकात लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या संशोधकांनी सह्याद्रीतले नमुने मोजले, तेव्हा हा लाव्हा थिजला त्या वेळी भारत विषुववृत्ताच्या बराच दक्षिणेला होता, हे त्या कणांकडूनच कळलं. खंड सरकतात हे मान्य करायला तेव्हा बरेच भूशास्त्रज्ञ तयार नव्हते. त्यांच्या विरोधातल्या पुराव्यांत आपल्या घाटांचा दगड होता. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ साली अलिबागला हलली, तेव्हा वेधशाळेचे प्रमुख नानाभाई मूस यांनी तिथली मोजमापाची इमारत लोखंडाविना आणि पोरबंदरहून आणलेल्या, चुंबकी नसलेल्या दगडाची बांधून घेतली. आत टांगलेल्या नाजूक चुंबकांना शेजारी दुसरा चुंबक चालणार नव्हता, मग तो भिंतीतला असला तरी.

दगडापासून पोलादाकडे जाणारी वाट इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात रुंद झाली. सुई चुंबकवायची रीत जुनी होती, पण दगडाला मागे टाकतील अशा पोलादी पट्ट्या गोविन नाइट या लंडनच्या डॉक्टरनं १७४० च्या दशकात बनवून दाखवल्या. १७४७ मध्ये रॉयल सोसायटीनं त्याला कोप्ली पदक दिलं. त्याची होकायंत्रं ब्रिटिश आरमारानं घेतली, आणि पुढे तो ब्रिटिश म्युझियमचा पहिला मुख्य ग्रंथपाल झाला. गडी धंद्याला पक्का होता. कृती जिवंतपणी कुणालाही सांगितली नाही. ती बाहेर आली ती १७७२ मध्ये तो वारल्यानंतर.

जॉन कँटन या शाळामास्तराला मात्र गुपित राखण्यात रस नव्हता. त्यानं १७५१ मध्ये जी रीत जाहीर केली, तिला ना दगड लागत होता ना आधीचा चुंबक. चुलीतली आग सारायची जुनी लोखंडी सळई गुडघ्यांत उभी धरायची, तिला पोलादाची लहान पट्टी बांधायची आणि चिमट्यानं ती पट्टी खालून वर घासत राहायची. उभी सळई पृथ्वीच्या क्षेत्रामुळे आपोआप थोडी चुंबकते, आणि तेवढ्या भांडवलावर पुढच्या पट्ट्या एकीवरून एक सशक्त करत जाता येतात. लंडनमध्ये पृथ्वीचं क्षेत्र जमिनीत चांगलंच उतरतं घुसतं, म्हणून सळई उभी धरून जमलं. मुंबईत ते बरंच आडवं आहे. इथल्या मास्तराला सळई उत्तर-दक्षिण आडवी धरून बसावं लागलं असतं.

पोलादाचा हट्ट येतो कुठून, हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं, पण लोहारांना कृती माहीत होती. लाल तापवून पाण्यात विझवलेलं कडक पोलाद चुंबकत्व धरतं, मऊ लोखंड सोडून देतं. चुंबकाच्या आत एकाच दिशेनं रांगेत असलेल्या अणूंचे प्रदेश असतात आणि त्यांच्या सीमा सरकल्या की चुंबकत्व बदलतं. विझवलेल्या पोलादातले ताण, कार्बनचे कण आणि इतर दोष या सीमांना अडवतात. म्हणजे पहिल्या कुळाचा हट्ट हा धातूच्या दोषांतून आलेला होता. असा हट्ट तापवलं, ठोकलं, आपटलं की ढिला पडतो. म्हणून पट्ट्या लांब ठेवायच्या आणि त्यांच्या जुड्या बांधायच्या. नाइटची मोठी जुडी पुढे रॉयल सोसायटीकडे आली. प्रत्येकी १५ इंच लांबीच्या सुमारे ४५० पट्ट्या एका पेटीत. १८३१ मध्ये मायकेल फॅरडेनं तांब्याची चकती याच जुडीच्या ध्रुवांमध्ये फिरवली आणि सतत वाहणारी वीज मिळवली. आजच्या जनित्रांच्या वंशवेलीत हा ढिगाऱ्यासारखा, ओबडधोबड चुंबक बसलेला आहे.

नाइटच्या मरणानंतर उघड झालेल्या कृतींमध्ये एक विचित्र गोष्ट होती. लोखंडाचा कीस पाण्यात तासन्‌तास घुसळायचा, वर तरंगणारी बारीक भुकटी गाळून घ्यायची, जवसाच्या तेलात मळायची, हव्या त्या आकारात थापून मंद आचेवर भाजायची आणि मग चुंबकवायची. या लाद्या त्याच्या पोलादापेक्षाही चिवट होत्या. लोखंडाची पाण्यात झालेली भुकटी म्हणजे बहुतांशी ऑक्साइड. पावणेदोनशे वर्षांनी जे कूळ जगभर पसरणार होतं त्याची चुणूक इथे दिसते, पण कुणी मागोवा घेतला नाही.

एकोणिसाव्या शतकात टेलिफोन आला, मोटारगाड्या आल्या आणि चुंबकी पोलादाला अचानक गिऱ्हाईक मिळालं. फोर्डच्या मॉडेल टीच्या फिरत्या चाकावर इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचे १६ पोलादी चुंबक बसवलेले असत, इंजिनातल्या ठिणगीसाठी. टंगस्टन घातलेल्या पोलादानं हट्ट ७० ओर्स्टेडच्या आसपास नेला. घरोघरच्या जुन्या वीजमीटरमध्ये फिरणारी अॅल्युमिनियमची चकती आठवत असेल. तिला लगाम लावायला एक कायमचा चुंबक असे. तो म्हातारा होऊन ढिला पडला की चकती पळायची आणि बिल फुगायचं. त्यामुळे मीटरवाल्यांना चुंबक आधीच कृत्रिम रीतीनं जून करून, मगच बसवावे लागत. इथे ताकद फार नको होती. आज आहे तितकीच वीस वर्षांनी हवी होती.

यानंतरची कथा दोनेक दशकं जवळजवळ संपूर्ण जपानी आहे. सेंडाईच्या तोहोकू विद्यापीठात कोतारो होन्डानं १९१७ मध्ये कोबाल्ट, टंगस्टन आणि क्रोमियम घालून केलेलं पोलाद टंगस्टन पोलादाच्या तिपटीहून हट्टी निघालं, सुमारे २५० ओर्स्टेड. पैसे पुरवणाऱ्या सुमितोमो किचिझाएमोन यांच्या आद्याक्षरांवरून त्याचं नाव केएस ठेवलं. पण त्यात कोबाल्ट तिसऱ्या हिश्शाइतकं लागे आणि कोबाल्ट महाग. मग १९३१ मध्ये टोकुशिचि मिशिमानं एक असं मिश्रण काढलं की ज्यात पोलाद म्हणावं असं काहीच नव्हतं. लोखंडात पाव हिस्सा निकेल घातलं की ते चुंबकाला दाद देईनासं होतं. त्यात मिशिमानं अॅल्युमिनियम घातलं. तीन धातूंपैकी एक स्वतः चुंबकी नाही, उरलेल्या दोघांनी एकमेकांचं चुंबकत्व घालवलेलं, आणि तिघे मिळून केएसवर मात करतात! कार्बनही नको, पाण्यात विझवणंही नको. इथे शहाण्या माणसानं अडखळायला हवं, आणि धातुशास्त्रज्ञ अडखळलेच.

या घराण्यात नंतर कोबाल्टही परत आलं आणि अॅल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट यांच्या नावांतून अल्निको हे नाव रूढ झालं. १९३८ मध्ये इंग्लंडात ऑलिव्हर आणि शेडन या संशोधकांना दिसलं की हे मिश्रण थंड होताना त्यावर चुंबकी क्षेत्र ठेवलं, तर चुंबक त्या दिशेनं कितीतरी सरस होतो. आतली गंमत पुढे सूक्ष्मदर्शकातून उलगडली. थंड होताना मिश्रण दोन पदार्थांत फाटतं आणि लोखंड-कोबाल्टचे अतिसूक्ष्म लांबट दांडके, चुंबकी नसलेल्या भरावात रुतून बसतात. लांबट कणाला लांबीच्या दिशेनं चुंबकलेलं राहायला आवडतं. दोषांवर टिकलेला हट्ट आता कणांच्या आकारावर टिकू लागला. सर्वांत गाजलेल्या अल्निको ५ चा हट्ट ६४० ओर्स्टेडच्या आसपास, आणि साठणारी ऊर्जा घनमीटरला ४० किलोज्यूल. साध्या पोलादात ती दोन-तीनच असते. दुसऱ्या महायुद्धातल्या रडारांपासून रेडिओच्या स्पीकरांपर्यंत हे कूळ सर्वत्र गेलं.

तरी अल्निकोला पोलादाचा एक वारसा चिकटून राहिलाच. हट्ट अजून बेताचाच, म्हणून अंगानं उंच राहावं लागे. भोवतालच्या लोखंडी चौकटीत बसवून मगच त्याला चुंबकवायचं, आणि एकदा चौकटीतून बाहेर काढला की ताकद बरीच उतरते. जुना अल्निको स्पीकर उघडून पुन्हा जोडला की आवाज बसतो, त्याचं कारण हेच. गिटारवाले आजही अल्निकोचे दांडके सोडत नाहीत. त्याच्या मवाळपणामुळे तारांवर ओढ कमी पडते आणि सूर गोड येतो, असं ते सांगतात. उष्णतेत मात्र अल्निकोला तोड नाही. ८०० अंश सेल्सिअसच्या वर गेल्याशिवाय त्याचं चुंबकत्व पुरतं जात नाही, आणि ५०० अंशांवरही तो कामावर असतो.

फेराइटचा जन्म म्हणजे एका चुकीचं फळ. टोकियोत काटो योगोरो आणि ताकेई ताकेशी यांनी १९३० मध्येच लोखंडाच्या ऑक्साइडपासून चुंबकी पदार्थ बनवले होते, पण खरं कूळ सुरू झालं हॉलंडमध्ये. १९५० साली आयंडहोव्हनच्या फिलिप्स प्रयोगशाळेतल्या एका सहायकाला लँथनमचं एक संयुग अर्धवाहक म्हणून बनवायला सांगितलं होतं. त्याच्या हातून बेरियमचं वेगळंच संयुग झालं. ते चुंबकी निघालं, क्ष-किरणांखाली त्याची रचना षट्कोनी दिसली, आणि तो नमुना चुंबकवाल्या गटाकडे गेला. १९५२ मध्ये फिलिप्सनं ते जगासमोर ठेवलं. घटक काय, तर लोखंडाचा गंज आणि बेरियम कार्बोनेट. दोन्ही भुकट्या मिसळायच्या, भाजायच्या, दळायच्या, साच्यात दाबायच्या, पुन्हा भाजायच्या. धातूच्या भट्टीची जागा कुंभारकामानं घेतली.

इथे हट्ट तिसऱ्या ठिकाणी गेला, थेट स्फटिकात. या षट्कोनी स्फटिकाला एकच अक्ष मानवतो. चुंबकत्व त्या अक्षावरून आडवं वळवायचं तर अणूंच्या मांडणीशीच भांडावं लागतं. दोष घालायला नकोत, लांबट कण घडवायला नकोत. म्हणूनच फेराइटची ओढ बेताची असूनही त्याची चपटी कडी करता येते, आणि स्पीकरची पाठ उंच डब्याऐवजी थाळीसारखी झाली. फेराइटची भुकटी रबरात मिसळून लवचीक पट्ट्याही निघाल्या. अमेरिकेत फ्रिजमध्ये लपलेली मुलं आत अडकून गुदमरत, म्हणून १९५६ मध्ये दार आतून ढकलून उघडता आलंच पाहिजे असा कायदा झाला. खटक्याची कडी गेली आणि दाराच्या रबरात ही चुंबकी पट्टी आली. तुमच्या-आमच्या फ्रिजच्या दाराला ती आजही आहे. वजनानं पाहिलं तर जगात सर्वांत जास्त बनणारे चुंबक फेराइटचेच. गंजायची भीती नाही, कारण तो मुळात गंजच. एक खोड मात्र उलटी आहे. बाकीचे चुंबक उन्हात मलूल होतात, फेराइटचा हट्ट थंडीत घटतो. माझं मत विचाराल तर कुळातला सर्वांत थोर पुरुष हाच. बाकीच्यांची चर्चा जास्त होते, पण सायकलच्या दिव्यापासून पंपाच्या मोटारीपर्यंत चुंबक गरिबाच्या घरी पोहोचवला तो यानं.

स्फटिकाचा हट्ट एकदा कळल्यावर जास्त हट्टी स्फटिक शोधण्याची शर्यत लागली. अमेरिकेच्या हवाई दलाच्या ओहायोमधल्या प्रयोगशाळेत कार्ल स्ट्रनाट आणि गॅरी हॉफर यांनी १९६६ मध्ये इट्रियम-कोबाल्टची कमाल दाखवली, आणि पाठोपाठ समेरियम-कोबाल्ट आला. हट्ट आता दहा हजार ओर्स्टेडच्या पलीकडे, ऊर्जा १६० ते २४० किलोज्यूल. उष्णतेत टिकणारा, न गंजणारा, ठिसूळ आणि विलक्षण महाग. समेरियम दुर्मीळ, कोबाल्ट मुख्यतः झाईरचं, म्हणजे आजच्या काँगोचं. १९७८ मध्ये झाईरच्या खाणींच्या शाबा प्रांतात बंडखोर घुसले, कोबाल्टचे भाव कडाडले, आणि कोबाल्टशिवाय काही जमतं का हा प्रश्न सगळ्यांनाच भेडसावू लागला.

फुजित्सु या जपानी कंपनीतला मासातो सागावा त्याच वर्षीच्या जानेवारीत, बंडाच्या आधीच, एका परिसंवादात बसला होता. लोखंड स्वस्त आणि मुबलक, मग समेरियमसारख्या दुर्मीळ मृदेबरोबर कोबाल्टऐवजी लोखंड का चालत नाही, असा त्याचा प्रश्न होता. वक्त्यानं सांगितलं की त्या स्फटिकात लोखंडाचे अणू एकमेकांच्या फार जवळ येतात. सागावाला तिथेच सुचलं: बोरॉन किंवा कार्बनसारखे छोटे अणू मध्ये घुसवले तर? कंपनीला त्यात रस नव्हता. त्यानं १९८२ मध्ये नोकरी सोडली, सुमितोमो स्पेशल मेटल्सकडे गेला आणि काही महिन्यांत निओडिमियम, लोखंड आणि बोरॉनचा चुंबक तयार केला. मजा अशी की बोरॉन त्याच्या कल्पनेप्रमाणे मध्ये घुसलाच नाही. निओडिमियमचे २, लोखंडाचे १४ आणि बोरॉनचा १ अणू अशी एक नवीच मांडणी तयार झाली. तर्क थोडा चुकला आणि चुंबक मिळाला. १९८३ च्या नोव्हेंबरमध्ये पिट्सबर्गच्या परिषदेत त्यानं ते मांडलं, आणि त्याच परिषदेत जनरल मोटर्सच्या जॉन क्रोटनंही तोच चुंबक मांडला! क्रोटची रीत निराळी होती. वितळलेला धातू वेगानं फिरणाऱ्या थंड चाकावर सोडायचा, त्याच्या फिती करायच्या, त्या दळून चिकटवायच्या. जपान्यांची रीत भुकटी चुंबकी क्षेत्रात दाबून भाजण्याची. आजचे सर्वांत बलवान चुंबक या दुसऱ्या रीतीनं बनतात, ३०० ते ४०० किलोज्यूलचे.

आजही सर्वांत बलवान म्हणावा असा हा चुंबक दोन गोष्टींत दुबळा आहे. तो पटकन गंजतो, म्हणून त्याच्यावर निकेलचा मुलामा असतो. इअरफोनमधल्या टिकलीची चकाकी ती. आणि ३१२ अंशांना त्याचं चुंबकत्व पूर्ण जातं, कामाला तर त्याच्या कितीतरी खालीच तो कच खातो. मोटारीच्या पोटात, जिथे गरमी आहे आणि उलटी क्षेत्रंही आहेत, त्याचा हट्ट टिकवायला थोडं डिस्प्रोशियम किंवा टर्बियम मिसळावं लागतं. विजेच्या एका मोटारगाडीत असे चुंबक किलो-दोन किलो लागतात. आपल्याकडे त्यांचा एक भलताच उपयोग झाला: जुन्या वीजमीटरच्या बाहेर चिकटवून चकतीचा लगाम आणखी आवळण्याचा. पोलादाच्या काळात हा उद्योग कुणाला जमला नसता. आताच्या इलेक्ट्रॉनिक मीटरात चुंबक लावल्याची नोंदच होते.

निओडिमियम हे मूलद्रव्य १८८५ मध्ये वेगळं केलं ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फोन वेल्सबाखनं. गॅसबत्तीचं जाळीदार मॅन्टलही त्याचंच. त्या मॅन्टलला थोरियम लागे, आणि थोरियमच्या शोधात १९०९ मध्ये शोमबर्ग नावाच्या जर्मन रसायनज्ञाला त्रावणकोरहून आलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत मोनाझाइट सापडलं. मग केरळ-तमिळनाडूच्या किनाऱ्यावरची ती वाळू जगभर गेली, थोरियमसाठी. निओडिमियम त्याच वाळूत होतं, पण तेव्हा त्याला फारसं काम नव्हतं. १९५० मध्ये इंडियन रेअर अर्थ्स या नावानं निघालेली सरकारी कंपनी या वाळूवर काम करते. तिचं मुख्यालय मुंबईत आहे. वाळूत थोरियम असल्यामुळे सारा कारभार अणुऊर्जा खात्याच्या देखरेखीखाली. त्यात निओडिमियम आहे, डिस्प्रोशियम मात्र नगण्य. विशाखापट्टणमला भाभा अणुसंशोधन केंद्राच्या तंत्रावर समेरियम-कोबाल्ट चुंबकांचा छोटा कारखाना २०२३ मध्ये राष्ट्राला अर्पण झाला, वर्षाला ३,००० किलोचा. दुचाकी-चारचाकींची भूक पाहता हे तोंडी लावण्यापुरतं.

जनरल मोटर्सनं या चुंबकांसाठी काढलेली मॅग्नेक्वेंच ही कंपनी १९९५ मध्ये चिनी भागीदार असलेल्या गटानं विकत घेतली आणि काही वर्षांत तिचं अमेरिकेतलं उत्पादन चीनला गेलं. खाणी, शुद्धीकरण आणि चुंबक, तिन्ही एका देशात गोळा झाले. २०१० मध्ये चीनशी बेटांवरून झालेल्या वादात पुरवठा अडला आणि जपानला त्याचा चटका बसला. एप्रिल २०२५ मध्ये चीननं समेरियम, डिस्प्रोशियम, टर्बियमसह सात मूलद्रव्यांच्या आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीला परवान्याची अट घातली, आणि त्या पावसाळ्यात पुण्याच्या बजाज ऑटोला विजेवरच्या चेतकचं उत्पादन कमी करावं लागलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात केंद्र सरकारनं देशात असे चुंबक बनवण्यासाठी ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. लक्ष्य वर्षाला ६,००० टनांचं.

कारखाने उभे राहीपर्यंत गाड्या थांबणार नाहीत. त्यामुळे मोटारींचे अभियंते जुन्या काळ्या फेराइटकडे पुन्हा वळले आहेत. फेराइटची ओढ निओडिमियमच्या तिसऱ्या हिश्शाइतकी. तितकाच जोर काढायचा तर चुंबक जास्त लागतात, ते आऱ्यांसारखे उभे मांडून त्यांचं क्षेत्र मधल्या लोखंडात एकवटावं लागतं, मोटार जाड आणि जड होते, आणि हिमाचलच्या थंडीत फेराइटचा हट्ट उतरतो याचाही हिशेब धरावा लागतो. बदल्यात मिळतो तो गंजापासून बनलेला चुंबक, ज्याच्यासाठी कुणाकडे परवाना मागायला जावं लागत नाही.